एकतीस ओव्या

३ डिसेंबर, मंगळवार

त्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला, नळ आला तशा दोन टाक्या भरल्या. आदल्या दिवशीची भाकर उरली होती ती कुस्करून फोडणीला टाकली. मग ओसरीवर बसून झेंडूचे हार ओवायला घेतले. मूर्तिजापूरच्या फुलवाल्यानं बावीस सांगितले होते. सतरावा हातात असताना गंगूबाई आली. अनवाणी, डोक्यावर पदर नाही. आमच्या गल्लीत ती चाळीस वर्षं राहते, पण बिनचपलेची मी तिला कधी पाहिली नव्हती.

"आशाबाई, पियुषचं रक्त पातळ होऊन राहिलं वो. डॉक्टर म्हनते, दोन दिवस काही सांगता येत नाही. तू पोथीले बस. एका बैठकीत वाच माय. तुह्या वाचन्यात गुन हाये."

पियुष तिचा नातू, चार वर्षांचा. डेंगी झाला म्हणून अकोल्याला नेला होता. मी हार टोपलीत टाकले, आंघोळ केली, पाट मांडला. हातात पाणी घेऊन त्याचं नाव घेतलं आणि संकल्प सोडला. आठला बसले, तीनला उठले. मधे एकदाही मांडी मोडली नाही.

तिसऱ्या दिवशी पियुष गेला.

हे ऑक्टोबरमधलं. आज लिहायला घेतलं कारण गंगूबाई पुन्हा आली होती, चपला घालून. रविवारपासून सप्ताह बसतो आहे, पारायण दरवर्षीसारखं मीच वाचायचं, हे सांगायला. मग आवाज खाली केला.

"सप्ताहाच्या बुवाले फोनवर इचारलं म्या. ते म्हनले, वाचनारी चांगली, संकल्प चांगला, मंग घरातच कोनाची तरी खोट असन. तवा चंदन बोलला." चंदन तिचा मुलगा, पियुषचा बाप; पौर्णिमा त्याची बायको. "तू इकडे पोथी वाचून राहिली होती, अन् तिकडे पौर्णिमेनं अंडापाव खाल्ला. दवाखान्याच्या फाटकापाशी, हातगाडीवर."

"दोन दिवसाची उपाशी असन ते."

"केळं भेटत नव्हतं का?"

ठरलं असं की सप्ताहात सातही दिवस पंगतीची उष्टी पानं पौर्णिमेनं एकटीनं उचलायची, आणि काल्याच्या दिवशी माईकवर देवाची माफी मागायची. नाही म्हणाली तर बार्शीटाकळीला माहेरी, कायमची. सून म्हणून नाव घ्यायचं नाही.

"तूच सांग, बरोबर हाये का नाही?" गंगूबाईनं विचारलं.

मी म्हटलं, "चहा घे."

एवढंच बोलले. लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला वेगळं सांगता येणार नाही.

४ डिसेंबर, बुधवार

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. मग बापानं फुलं तोडायला घातलं. अक्षरं पुन्हा भेटली ती लग्नानंतर, एसटीच्या पाट्यांवर आणि बियाण्याच्या पाकिटांवर. स्वतःच्या हिमतीवर पूर्ण वाचलेला पहिला शब्द 'विष', फवारणीच्या डब्यावरचा. हे शेतातून येईपर्यंत मी तो डबा घरातून काढून गोठ्यात ठेवला होता. फार हसले होते. मग पोथी लागली. पहिल्यांदा संपवायला मला अकरा महिने लागले. आता गावात कुणाकडे दुखणं असो, कोर्टाची तारीख असो, पोराची परीक्षा असो, मला सांगतात. त्यांच्या नावानं संकल्प सोडायचा आणि त्यांच्या वतीनं वाचायचं.

जे लिहायला वही काढली ते अजून लिहिलं नाही.

पियुषचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोथी पुसायला घेतली. दोन पानं एकमेकांना चिकटलेली. तीर्थाचे थेंब आणि हळद, वाळून घट्ट झालेली. चाकूच्या पात्यानं सोडवली. आत पान अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद. म्हणजे त्या दिवशी मी सत्त्याऐंशीवरून थेट नव्वदवर गेले होते. एकतीस ओव्या सुटल्या.

त्यात काय होतं ते सांगते. एका सावकाराच्या घोड्याचं वर्णन. त्याची आयाळ, त्याचं खोगीर, गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. सत्त्याऐंशीव्या पानावर सावकार घोडा आणायला सांगतो आणि नव्वदाव्यावर महाराजांच्या दारात उतरतो. मधला रस्ता गेला तरी मला समजलं नाही. तीस वर्षं वाचते आहे, आणि माझं लक्ष बहुधा फक्त माझ्या आवाजाकडे असतं.

हे कुणाला सांगितलेलं नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. चार वर्षांच्या लेकराचं मरण घोड्याच्या खोगिरावर टांगणारा देव मी मानत नाही. म्हणून सांगायची गरजही वाटली नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

प्रियदर्शनीचा अमरावतीहून फोन. माझी मुलगी राजापेठेत मेडिकल दुकानात काम करते. तिला मी सांगून टाकलं, पानांसकट.

"आई, त्याच्या प्लेटलेट पडल्या. पोथीचा काय संबंध? सरळ सांगून दे ना सगळ्यांना, की असं काही नसते म्हणून."

"तुले सोपं हाये."

"काहून? मले काय जीव नाही?"

"तुले देव नाही."

ती चिडली. म्हणाली, मग तू सुद्धा सोड, रोज रोज रडण्यापेक्षा. तिला कसं सांगू. मला देव सोडायचा नाही. हे गेल्यापासून घरात मी दुसऱ्या कुणाशी बोलते? तिचं बरं आहे, ती बाहेर उभी राहून नाक मुरडते. मी आत आहे, रोज त्याच ताटात जेवते, आणि मला त्यात केस सापडला आहे.

७ डिसेंबर, शनिवार

मांडव उभा राहिला. पोथी नव्या कापडात बांधली. बांधण्याआधी एकेक पान सुटं आहे ना ते पाहिलं. दोनदा पाहिलं. उगीच, हाताला चाळा.

८ डिसेंबर, रविवार

सप्ताह बसला. सकाळी पारायण, दुपारी पंगत, संध्याकाळी बुवांचं प्रवचन.

बुवा गाडीतून उतरले तेव्हा पंजाबरावांनी, ते समितीचे अध्यक्ष, परातीत त्यांचे पाय धुतले. गाडीत चपला-मोजे घालून बसलेला माणूस. ते पाणी तांब्यातून फिरलं. माणिकबाईनं माझ्या ओंजळीत ओतलं. पाण्यावर काळा दोरा तरंगत होता, मोज्याचा. मी ओंजळ तोंडापाशी नेली आणि मानेवरून मागे सोडून दिली. माणिकबाई भजनात माझ्याशेजारी बसते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"सांडलं वो तुमचं. आनखीन देऊ?"

"नोको. पोट भरलं."

पंगतीला पाच-सहाशे माणूस. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. एवढं पानात टाकतात की मला कळत नाही ही माणसं घरी काय खातात आणि इथे काय सिद्ध करायला येतात. पौर्णिमा घमेलं घेऊन रांगेतून वाकत चालली होती. तिला पाहून बायका बोलणं थांबवत होत्या, पुढे गेली की सुरू करत होत्या. एका माणसानं पान खाली ठेवलंच नाही, उभं राहून तिच्या हातात दिलं. "घे बाई, तुलेच पुन्य." बाजूचे दोघं हसले. भाजीचा रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला. तिनं पुसला नाही.

मी ताक प्यायले आणि घरी आले.

९ डिसेंबर, सोमवार

बुवा काल म्हणाले, देव कुणाचं काही ठेवत नाही, ज्याची जशी श्रद्धा तसं त्याला फळ. मांडवात टाळ्या. मी त्याच मांडवात जमुनाला पाहिलं. तिचा नवरा पाच वर्षं अंथरुणावर आहे आणि तिनं सोळा सोमवार तीनदा केले आहेत. तीही टाळ्या वाजवत होती. बरं झालं तर देवाची कृपा, नाही झालं तर तुझी खोट. या दुकानात माल कधी खराब निघतच नाही, गिऱ्हाईकच खराब निघतं. आणि गिऱ्हाईक मान डोलावतं.

१० डिसेंबर, मंगळवार

आज पारायणात अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद पान आलं. मोठ्यानं, सावकाश वाचलं. संपलं तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता. डिसेंबरात.

११ डिसेंबर, बुधवार

पंगतीनंतर टँकरपाशी हात धुवायला गेले तर पौर्णिमा तिथे. हाताला आंबूस वास, नखांत वांगं. मला पाहिल्यावर नळ सोडून बाजूला झाली.

"धू तू आधी," मी म्हटलं. "जेवली का?"

"मंग जेवीन काकू. वास जात नाही, घास उतरत नाही."

मग तिनं आपण होऊन सांगितलं. "ते अंडं मले चवीचं लागलं नाही वो. मी पाहून राहिली होती वरच्या खिडकीकडे, पियुष कोनत्या खिडकीत असन म्हनून. हातात कोनी काय देल्लं, ते बी आठोत नाही. पन खाल्लं. चंदन खोटं बोलत नाही. खाल्लं म्या."

"पौर्णिमे, अंड्यानं काही होत नसते."

"तुमी माह्यासाठी म्हनता. तुमी त सात घंटे हालल्या नाही. तुमी एवढं केलं, अन् म्या..."

आणि ती वाकली. माझ्या पायांवर तिनं ते हात ठेवले, ओले, त्या वासाचे. मी "राहू दे, राहू दे" म्हणत राहिले. घरी येऊन मोरीत उलटी केली. दोनदा पाय घासले. वास तिच्या हातांचा होता असं मी लिहिणार होते, पण तसं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

मांडवात गेले. वाचून आले. आता हे लिहिते, पाच वर्षं टाळलं आहे.

यांना पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा मी तीन पारायणं केली. प्रियदर्शनीला शेजारी बसवलं होतं. मी वाचायची आणि ती बोट ठेवून पाहायची की एकही ओवी सुटत नाही. तिला तेव्हा सुद्धा पटत नव्हतं, पण बापासाठी बसली. एक अक्षर सुटलं नाही. मी उपाशी, ती उपाशी. तिसरं पारायण संपलं आणि मी प्रसाद घेऊन दवाखान्यात गेले, तर हे मागच्या जिन्यात बसून बिडी ओढत होते.

मी ती हातातून हिसकली. म्हटलं, मी तिकडे जीव काढते आणि तुम्ही सगळं नासवता. हे म्हणाले, "आशा, दोनच झुरके घेतले व."

मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. औषध दिलं, अंग पुसलं, तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटत होतं माफी मागतील तेव्हा बोलू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे गेले.

तेराव्याला माणिकबाई म्हणाली, "बिडीनं घात केला. नाही तं तुमच्या वाचनानं उठलेच असते देवीदासभाऊ." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं, हे लिहायला माझा हात थांबतो आहे. पाच वर्षं मी यांच्या फोटोला हार घालते आणि मनात ती बिडी धरून ठेवते.

आता गंगूबाई पौर्णिमेचं अंडं धरून बसली आहे. तीच गोष्ट. मी शिकवली नसेल, पण मी गावातली वाचणारी बाई, माझ्याकडे पाहूनच तर लोक शिकतात.

बिनचूक वाचलं, हे गेले. चुकीचं वाचलं, पियुष गेला. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईलाही एवढं मांडता यायला पाहिजे होतं. मांडलं नाही, कारण मांडल्यावर माझ्या वाचण्याचं काय उरतं? आणि त्या न बोललेल्या दोन दिवसांना कारण काय उरतं?

१३ डिसेंबर, शुक्रवार

पौर्णिमेला ताप आहे. तरी पानं उचलली. माझा विचार होता की गंगूबाईला एकटीला गाठून सांगावं. तिच्या दारापर्यंत गेले. ती काल्याच्या दिवशी पौर्णिमेनं काय बोलायचं ते कागदावर लिहीत होती, पोथीसारख्या शुद्ध भाषेत. मला म्हणाली, "आलीच हाये तं हे जरा नीट लिहून दे. तुह्यं अक्षर चांगलं हाये."

"चष्मा घरी राहिला," मी म्हटलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

१४ डिसेंबर, शनिवार

आज दत्तजयंती. पारायणाची समाप्ती. शेवटच्या अध्यायाच्या शेवटी फलश्रुती असते, म्हणजे वाचणाऱ्याला काय काय मिळेल ते. रोग्याचा रोग जाईल, वांझेला मूल होईल. समाप्तीच्या दिवशी ती माईकवर वाचतात, अख्खं गाव हात जोडून ऐकतं. मी पहिल्या चार ओव्या वाचल्या आणि पुढे तोंड चालेना. समोर माणिकबाई, गंगूबाई, मांडवाच्या कडेला पौर्णिमा, काखेत पानांचा गठ्ठा. बुवांनी हातानं खूण केली, चालू द्या.

मी म्हटलं, "गावकऱ्याहो, मले एक सांगाचं हाये. पियुषसाठी म्या वाचलं तवा माह्याकडून दोन पानं सुटले. चिकटले होते. एकतीस ओव्या."

बुवांनी माईकवाल्याकडे पाहिलं आणि माईक बंद झाला. मी थांबले नाही, पण माझा उघडा आवाज कुठवर जाणार? दोन-तीन रांगांपर्यंत गेला असेल.

"अन् माह्या मानसासाठी म्या तीन डाव वाचलं. एक अक्षर सुटलं नाही, माही पोरगी साक्षीले हाये. ते बी गेले. मंग चुकीनं कोनी मरत नाही अन् अंड्यानं बी मरत नाही. त्या पोरीनं काही केलं नाही. उठवा तिले तिथून."

माणिकबाई पहिल्या रांगेत होती. तिनं सगळं ऐकलं. तिला जे घ्यायचं होतं ते घेतलं.

"म्हंजे तुह्या हातून झालं वो, आशाबाई!"

ते मागे पसरत गेलं, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात. पानं सुटली. आशाबाईनं पानं गाळली. बुवांनी माईक चालू करायला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला होता, खरंच उजळला होता. "पाहा," ते म्हणाले, "देव सत्य कसं वदवून घेतो. सात दिवसांच्या नामाचा हा प्रताप." टाळ्या. माझ्या बोलण्याच्या टाळ्यासुद्धा त्यांनी नेल्या. इतकी शिसारी मला त्या पायाच्या पाण्याचीही आली नव्हती.

गंगूबाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

पौर्णिमा कडेनं पुढे आली. पानं काखेत तशीच.

"काकू, गाळलं तुमी?"

"हो."

"अन् तवा टँकरपाशी बोलल्या नाही?"

"नाही बोलली."

तिनं गठ्ठा जमिनीवर ठेवला, एक पानही न सांडता, आणि निघून गेली. संध्याकाळी तिची आई बार्शीटाकळीहून येऊन तिला घेऊन गेली. गंगूबाईनं पिशवी भरून दिली म्हणतात, फाटकापर्यंत सोडायला आली, आणि शेजारणीला म्हणाली, माह्या सुनेचं काही चुकलं नाही, राहू द्या पंधरा दिवस आईपाशी, मंग चंदन तिले आनन. हेच मला हवं होतं. मिळालं. पण ज्या रस्त्यानं मिळालं तो मी बंद करायला निघाले होते.

दिवेलागणीला पंजाबराव आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"आशाबाई, उद्या काल्याची पंगत मोठी असते. पानं तुमी उचला, अन् माईकवर दोन शब्द बोलून टाका. समितीचं म्हननं हाये. शेवटी देवाचंच काम हाये ना."

"पाह्यते," मी म्हटलं.

गावातल्या सगळ्यांना आता माझं वाचणं खोटं वाटतं. पोथी खोटी वाटत नाही, बुवा खोटा वाटत नाही. आणि ज्या पोरीसाठी बोलले तिला मी तिच्या लेकराचा जीव घेतलेली बाई वाटते. पहिल्या दोन-तीन रांगांपलीकडे यांची गोष्ट गेलीच नाही. ती पौर्णिमेनं ऐकलेली नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

काल काला होता. मी सकाळी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, काही मागितलं नाही. मांडवात गेले नाही. नऊच्या एसटीनं अकोल्याला गेले, तिथून दुसऱ्या गाडीनं बार्शीटाकळीला. पौर्णिमेच्या आईनं दार उघडलं आणि बाजूला झाली. पौर्णिमा खाली बसून मेथी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मी तिच्यासमोर बसले, अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली, आणि जिन्यातल्या बिडीपासून सगळं तिला सांगितलं.